विमानतळाच्या कडेची जमीन

यंदाच्या बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी मामूंकडे गेलो होतो. मामूंचं गाव शिर्डी विमानतळापासून पाच-सहा किलोमीटरवर, कोपरगाव तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यात. जेवणं झाल्यावर गच्चीवर बसलो होतो. डोक्यावरून विमान गेलं. मामूंची चार वर्षांची नात हात हलवत राहिली. आम्हा मोठ्यांपैकी कुणी वर पाहिलं नाही. विमानांची आता सवय झाली आहे.

तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबली. आलेला माणूस ओळखीचा होता. आसपासच्या गावांत जमिनीचे सौदे जुळवून देतो. ईद मुबारक म्हणाला, शीरखुर्म्याची वाटी घेतली आणि लगेच विषयावर आला. "मामू, पार्टी तयार आहे. विसार आज देतो, साठेखत पंधरा दिवसांत. उद्या नकाशा आला आणि तुमच्या गटावर हिरवा पट्टा पडला तर कुत्रं विचारणार नाही."

तो गेल्यावर मामूंनी मला विचारलं, "तू पढा-लिखा है. बोल, देऊं क्या?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पुढच्या जुम्याला येतो म्हणालो. त्या आठवड्यात जे वाचलं, ज्यांना विचारलं आणि घरात जे बोलणं झालं, ते इथं लिहितो आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या नातेवाइकांची जमीन कुठल्या ना कुठल्या विमानतळाच्या, महामार्गाच्या नाहीतर रिंगरोडच्या कडेला आहे. आज ना उद्या हाच प्रश्न तुमच्या ओसरीवर येणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. शिर्डी विमानतळ म्हणतात, पण तो शिर्डीत नाही. शिर्डी राहाता तालुक्यात आणि विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झालं. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने, म्हणजे राज्य सरकारच्याच कंपनीने, तो उभारला. नागपूरचं मिहानही याच कंपनीकडे. धावपट्टी आधी अडीच हजार मीटरची होती, पुढे मोठ्या विमानांसाठी ती वाढवली. नंतर विमानतळाभोवती नवं नगर वसवण्याचं ठरलं आणि त्यासाठी याच कंपनीला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं.

हा शेवटचा शब्द नीट समजून घ्यायला हवा. माझ्या मामूंना तो माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात ही तरतूद आहे. सरकार एखादा भाग अधिसूचित करतं आणि त्या भागात कुठं घरं, कुठं गोदामं, कुठं हॉटेलं, कुठं रस्ता, कुठं शेतीच ठेवायची, हे ठरवण्याचा अधिकार त्या प्राधिकरणाकडे जातो. तुमची जमीन कुणी घेत नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहतं. पण त्या जमिनीचं पुढं काय होऊ शकतं, हे नकाशावरचा रंग ठरवतो. एका बांधाच्या अलीकडे निवासी पिवळा आणि पलीकडे शेतीचा हिरवा पडला, तर एकाच बापाच्या दोन मुलांपैकी एक लखपती होतो आणि दुसरा होता तिथंच राहतो. त्या एजंटचं बोलणं याच भीतीवर उभं होतं. ती भीती खोटी नाही. खोटं आहे ते एवढंच, की म्हणून आजच विका.

कारण रंग कुठला पडणार हे मामूंना माहीत नाही तसं खरेदीदारालाही माहीत नसावं, असं आपण धरून चालतो. पण मग तो एवढी रक्कम लावतो कशावर? एकतर त्याला आपल्यापेक्षा काही जास्त कळतं, किंवा त्याच्याकडे दहा वर्षं थांबण्याइतका पैसा आहे. मामूंकडे दोन्ही नाही. पण मामूंकडे एक गोष्ट आहे जी त्याच्याकडे नाही, ती म्हणजे जमीन.

ही जमीन कसली, तेही सांगतो. माझ्या लहानपणी इथं बाजरी आणि मठ याशिवाय काही दिसायचं नाही. उन्हाळ्यात टँकर. गोदावरीच्या कालव्यांचं पाणी राहात्याच्या बाजूला, त्यामुळे तिकडे उसाचे मळे आणि पेरूच्या बागा. आपले बागवान लोक त्या बागांचा बहार विकत घ्यायचे आणि आम्ही मामूंच्या गावचे मात्र आभाळाकडे बघायचो. निळवंडे धरणाची कल्पना १९७० ची. डाव्या कालव्यात पाणी सोडण्याची चाचणी झाली ३१ मे २०२३ ला आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते कालव्याचं लोकार्पण झालं. सहा तालुके आणि सिन्नरचा काही भाग मिळून १८२ गावांना त्याचा लाभ सांगितला जातो. म्हणजे ज्या पाण्याची तीन पिढ्यांनी वाट पाहिली ते यायला आणि जमिनीला बिगरशेतीचे भाव फुटायला एकच गाठ पडली. मामूंनी गेल्या वर्षी पहिल्यांदा रब्बीत कांदा लावला. माणूस साठ ओलांडल्यावर बागायतदार होऊ पाहतोय आणि त्याच वेळी दारात विसार घेऊन कुणी उभं आहे.

नियोजनात हा प्रश्न पहिला यायला हवा: पन्नास वर्षं थांबून आणलेलं पाणी ज्या शेतात पोचलं, तिथं आपण लॉजिस्टिक पार्क काढणार आहोत का? माळरान, खडकाळ, कालव्याच्या वरच्या अंगाची जमीनही इथं आहे. बांधकाम तिकडे वळवता येतं. पण हे कुणी सांगितल्याशिवाय होत नाही. नकाशा काढणारा माणूस उपग्रहाचं चित्र बघतो, आणि त्यातल्या दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात मामूंचं शेत पडीकच दिसतं.

आता आपल्या समाजाशी थेट जोडलेल्या दोन गोष्टी.

पहिली कुरबानीची. ईदच्या दिवशी गावातल्या एका तरुणाने मला विचारलं, "विमानतळामुळे आता कुरबानीवर बंदी येणार म्हणतात, खरं का?" व्हॉट्सॲपवर काहीतरी फिरत होतं. नियम असा आहे. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम सांगतो की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील अशा रीतीने जनावर कापणं, सोलणं किंवा कचरा, घाण टाकणं याला परवानगीशिवाय मनाई आहे. त्यात मटणाची, मासळीची दुकानं येतात तशीच हॉटेलंही येतात. हा नियम कुठल्या धर्मासाठी नाही, घारी-गिधाडांसाठी आहे. उडताना किंवा उतरताना इंजिनात पक्षी शिरला तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

मी त्या तरुणाला हेच सांगितलं, आणि वर एक गोष्ट सांगितली जी त्याला आवडली नाही. आपल्याकडे ईदच्या संध्याकाळी आतडी, कातडी, रक्तमिश्रित पाणी ओढ्यात जातं आणि दोन दिवस तिथं घारी फिरत असतात. विमानतळ नसता तरी हे चूकच होतं. पाकी हा आपला अर्धा ईमान म्हणायचं आणि अवशेष ओढ्यात टाकायचे, हे कसं जमतं? पण याची दुसरी बाजूही आहे. बंदी सांगायला प्रशासन तत्पर असतं, सोय करायला कुणी पुढं येत नाही. दहा किलोमीटरच्या परिघात जेवढी गावं आहेत तेवढ्यांतल्या खाटकांना, कोंबडी दुकानदारांना, ढाब्यांना बंदिस्त जागा, पाण्याचा निचरा, कचरा उचलणारी गाडी आणि खड्डा, एवढं मिळालं तर नियम आपोआप पाळला जाईल. नव्या नगरात पंचतारांकित हॉटेलला जागा असेल. मग कुरेशींच्या चार दुकानांसाठी बंदिस्त मटण मार्केटला आरक्षण का नसावं? हे आज मागितलं तर नियोजन ठरतं. दहा वर्षांनी मागितलं तर तेच अतिक्रमण नियमित करण्याची विनवणी ठरते आणि तिच्यावर राजकारण होतं.

उंचीचंही तसंच. २०१५ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या आसपास बांधकामाच्या उंचीवर मर्यादा आहे. ती मशिदीच्या मीनाराला लागू आहे, देवळाच्या शिखराला आहे, मोबाइल टॉवरला आहे आणि पाण्याच्या टाकीलाही आहे. धावपट्टीच्या रेषेत असलेल्या गावात मर्यादा कडक, बाजूला थोडी सैल. आमच्या गावच्या मशिदीचा मीनार वाढवायचा म्हणून वर्गणी चालू आहे. मी जमातीच्या लोकांना म्हटलं, आधी ना-हरकत दाखला विचारा. एका बुजुर्गांना वाटलं मी मीनाराच्या विरोधात आहे. मी म्हटलं, चाचा, मीनार बांधून पाडायची नोटीस आली तर गावात काय होईल, त्याचा विचार करतोय.

दुसरी गोष्ट कब्रस्तानची. ती मला जास्त अस्वस्थ करते.

मामूंच्या गावात मुसलमानांची घरं पंधरा-सोळा. कब्रस्तान ओढ्याच्या पलीकडे, अर्धा एकर असेल. नाना-नानी तिथंच आहेत. मी त्या आठवड्यात तलाठी कार्यालयात जाऊन उतारा काढला. गट नंबरवर नाव निघालं सरकारचं, आणि नोंद गायरानाची. कब्रस्तानचा उल्लेख कुठंच नाही. वक्फ मंडळाच्या यादीत शोधलं, तिथंही सापडलं नाही. शंभर वर्षं तरी तिथं माणसं दफन होत असतील, पण कागदावर ते गवताळ रान आहे. विकास योजना करताना सरकारी गायरान ही पहिली वापरायची जमीन असते, कारण तिथं मोबदला द्यावा लागत नाही.

यात कुणाचं कारस्थान नाही. हे आपलंच दुर्लक्ष आहे. पूर्वी गावाला माहीत होतं म्हणून पुरत होतं. पाटलांना माहीत होतं, तलाठ्याला माहीत होतं. आता नकाशा काढणारा गावचा नाही. शिवाय २०२५ च्या वक्फ दुरुस्तीनंतर केवळ दीर्घकाळच्या वापरावरून एखादी जागा वक्फ मानण्याची तरतूद पुढे राहिलेली नाही. त्यामुळे "आमचे बापजादे इथंच पुरलेत" एवढं सांगून भागणार नाही. मोजणी करून घ्यावी लागेल, ग्रामसभेचा ठराव घ्यावा लागेल, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद मागावी लागेल, आणि नकाशाच्या मसुद्यात ती जागा कब्रस्तान म्हणून दाखवली आहे का, हे डोळ्यांनी पाहावं लागेल.

उतारा घेऊन परत येताना सरपंचांना भेटलो. ते मराठा समाजाचे, मामूंचे शाळासोबती. त्यांनी उतारा पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, तुमचंच नाही. पलीकडची दलित वस्तीची स्मशानभूमी पण याच गटात आहे. तिची पण नोंद नाही." मला हे सुचलंच नव्हतं. मग ठरलं की ठराव एकच करायचा, दोन्ही जागांचा. आमच्या जमातीचे तिघं आणि वस्तीतले दोघं मिळून अर्ज लिहिला. एका अर्जावर पाच सह्या आल्या. गावात गेल्या काही वर्षांत जे वातावरण झालंय ते पाहता मला ही लहान गोष्ट वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. देऊं क्या?

मी इतर ठिकाणी काय झालं ते पाहिलं. नवी मुंबई विमानतळासाठी ज्यांची गावं उठली त्यांनी भांडून साडेबावीस टक्के विकसित भूखंड मिळवले. त्या विमानतळाच्या भोवती 'नैना' नावाचं क्षेत्र २०१३ मध्ये अधिसूचित झालं. तिथं नगररचना योजना केल्या. म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, शाळा, बागा काढायच्या आणि मालकाला साधारण चाळीस टक्के जमीन भूखंड म्हणून परत द्यायची, वाढीव बांधकाम हक्कासह. काहींना ते फायद्याचं वाटलं, पुष्कळांनी विरोध केला, आणि वर्षानुवर्षं शेतकरी ना धड शेती करू शकले ना बांधू शकले. पुरंदरला तर सात गावांनी विमानतळालाच विरोध केला. सरळ संपादन झालं तर २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. त्यात बाजारभावाच्या हिशेबावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. पण बाजारभाव काढतात तो नोंदवलेल्या खरेदीखतांवरून. आपण सगळेच कागदावर कमी रक्कम दाखवून मुद्रांक शुल्क वाचवतो आणि मग संपादनात तेच आपल्या अंगाशी येतं. आरक्षण पडलं आणि दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर नोटीस देऊन ते उठवण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण दहा वर्षं म्हणजे मामूंच्या वयाच्या माणसाला फार झाली.

हे सगळं मी वहीत लिहून जुम्याला गेलो. मामूंना समजावून सांगितलं. तीन गोष्टी म्हणालो: मसुदा जाहीर होईपर्यंत विसार घेऊ नका. मसुदा आला की हरकतीला साधारण महिनाभराचीच मुदत असते, तेव्हा लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. आणि विकायचंच झालं तर सगळं विकू नका.

मामू शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वो बोल रहा था, बहनों का सवाल नहीं आता. हक्कसोड हो चुका है."

तेव्हा मला कळलं की एजंटने आमच्या घराचा फेरफारही काढून पाहिला होता.

नानांची जमीन साडेचार एकर, म्हणजे १८० गुंठे. नानी आधीच गेल्या होत्या. मागे दोन मुलं, दोन मुली. शरियतने मुलाला दोन वाटे, मुलीला एक. सहा वाटे करा, तर प्रत्येक मामूंना ६० गुंठे आणि अम्मीला, खालाला ३० - ३०. वारसनोंदीत चौघांची नावं लागली होती. पुढे दोघी बहिणींनी हक्कसोड लिहून दिलं आणि दोन्ही भावांकडे ९० - ९० गुंठे गेले. कुणी जबरदस्ती केली नाही. अम्मी सांगते, "माहेर तुटू नये म्हणून सही केली. बाजरीच्या रानाचं काय करायचं होतं?" त्या दिवशी तिला एक साडी मिळाली होती. ती अजून पेटीत आहे.

हे लिहिताना मी सावध आहे, कारण यात माझाही स्वार्थ आहे. अम्मीचे ३० गुंठे म्हणजे उद्या माझेही काही गुंठे. म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो. पण आमच्या मशिदीत वारसाहक्काचे आयते वर्षातून एकदा तरी वाचले जातात. आपल्याकडे मुलीला हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वी मिळाला, असं आपण व्याख्यानांत सांगतो. आणि ओसरीवर मात्र तोच हिस्सा एका साडीत सोडवून घेतो. जमिनीला भाव नव्हता तोवर हे झाकून राहिलं. विमानतळाने ते उघडं केलं. मोबदल्याची रक्कम आली की आसपासच्या कितीतरी घरांत बहिणी कोर्टात जातील, आणि भाऊ म्हणतील की बहिणी पैशाला भुलल्या.

मामूंनी अम्मीला फोन लावला. माझ्यासमोरच. बराच वेळ तब्येत, पाऊस, कांद्याचा भाव यावरच बोलले. मग म्हणाले, "आपा, जमीन का कुछ हुआ तो तेरे कू पूछे बगैर नहीं होगा." अम्मी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून मामूंनी डोळे पुसले की घाम पुसला, सांगता येणार नाही. ऊन होतं.

हक्कसोड कायद्याने पक्कं आहे. मामूंचा शब्द हा फक्त शब्द आहे. धाकटे मामू भिवंडीला असतात, त्यांच्याशी अजून बोलणं झालेलं नाही, आणि ते काय म्हणतील याची मला खात्री नाही. एजंट पुन्हा येणार आहे. दोन्ही जागांचा ठराव पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आहे. त्या दिवशी मी रजा टाकली आहे.

तुमच्या गावाजवळ असं काही येत असेल तर भाव विचारण्याआधी एवढं करा: कब्रस्तानचा उतारा काढा आणि घरातल्या बहिणींची नावं फेरफारात कधी, कशी कमी झाली ते पाहा. दोन्ही कागद तलाठी कार्यालयात मिळतात. फी फार नाही.